पाथरवटांचा शिष्य : सर स्विंटन जेकब



महाबळेश्वर, पाचगणी किंवा माथेरानच्या डोंगरावर आपण कधी उन्हाळ्याच्या सुटीत गेला असाल, तर झाडांच्या गर्दीत उभे असलेले एखादे लहानसे दगडी चर्च आपण पाहिले असेल. उतरते छप्पर, टोकदार कमानींच्या अरुंद खिडक्या आणि पुढे छोटीशी ओसरी, असे त्याचे रूप असते. आत शिरताच थंडावा जाणवतो आणि मन आपोआप नम्र होते. अशी चर्चे सिमल्यापासून निलगिरीपर्यंत भारताच्या जवळजवळ प्रत्येक थंड हवेच्या ठिकाणी आहेत. परदेशातून आलेल्या माणसांनी आपल्या गावाकडच्या चर्चची आठवण मनात धरून ती बांधली. पावसाचे पाणी झटकन ओघळून जावे म्हणून छप्पर उतरते, थंडी आत शिरू नये म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान. त्यांच्या देशाच्या हवामानातून जन्मलेली ही रचना आपल्या डोंगरावरच्या धुवाधार पावसातही शोभून दिसली.

पण हीच रचना सपाटीवर, रणरणत्या उन्हाच्या प्रदेशात आली म्हणजे काय होते? ज्या देशात आपण उपासना करतो, त्या देशाच्या मातीचा, हवेचा आणि कारागिरांच्या हाताचा आपल्या ख्रिस्तमंदिरावर काही हक्क आहे की नाही? हा प्रश्न केवळ वास्तुकारांचा नाही. आपण कोण आहोत आणि कोणत्या भूमीत उभे राहून प्रभूची स्तुती करतो, याच्याशी तो निगडित आहे. म्हणूनच आज आपणांस अशा एका माणसाचे चरित्र सांगावयाचे आहे, ज्याला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत मिळाले नाही. ते त्याला जयपूरच्या पाथरवटांच्या सहवासात, चाळीस वर्षांच्या कामातून मिळाले. त्याचे नाव सर सॅम्युएल स्विंटन जेकब.

अरवली पर्वताच्या रांगांनी वेढलेल्या जयपूर शहरात ऑल सेंट्स चर्च नावाचे एक जुने ख्रिस्तमंदिर आहे. सर्व पवित्र जनांच्या नावे उभारलेले हे मंदिर आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या राजस्थान धर्मप्रांतात मोडते. राजवाडे, हवामहाल आणि आमेरचा किल्ला पाहावयास आलेल्या प्रवाशांची पावले या चर्चकडे सहसा वळत नाहीत. तथापि ज्या हाताने हे चर्च १८७५–७६ च्या सुमारास रेखले, त्याच हाताने जयपूरचे सुप्रसिद्ध अल्बर्ट हॉल संग्रहालयही रेखले, हे कळले म्हणजे आपले कुतूहल जागे होते. कारण या दोन इमारती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्या एकाच माणसाच्या असतील असे सहसा कोणाच्या मनातही येणार नाही.

स्विंटन जेकब यांचा जन्म १४ जानेवारी १८४१ रोजी झाला. वडील कर्नल विल्यम जेकब मुंबई इलाख्याच्या तोफखान्यात अधिकारी होते. घराण्याचे भारताशी नाते जुने आणि घट्ट होते. सिंधमधील जेकबाबाद हे शहर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते जनरल जॉन जेकब याच घराण्यातले. अशा घरातील मुलाने लष्करात जावे, हे जणू ठरलेलेच होते. इंग्लंडमध्ये ॲडिसकोम्ब येथे ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी शाळा होती. तेथे शिक्षण पुरे करून १८५८ मध्ये ते मुंबईच्या तोफखान्यात दाखल झाले. ते वर्ष लक्षात घ्या. सत्तावन्नच्या उठावाचा वणवा नुकताच विझत होता, कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य सुरू होत होते, आणि राज्यकर्ते व प्रजा यांच्यात संशयाची खोल दरी पडली होती. अशा वेळी सतरा वर्षांचा हा तरुण आपल्या देशात आला.

तोफखान्यात राहून तोफा डागण्यापेक्षा मोजमाप आणि बांधकाम याकडे त्यांचा ओढा अधिक होता. त्यांनी भूमापन आणि अभियांत्रिकीची परीक्षा दिली आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात प्रवेश केला. १८६५–६६ मध्ये एडनच्या मोहिमेवर जाऊन ते परत आले, आणि १८६७ मध्ये त्यांची जयपूर संस्थानात नेमणूक झाली. वय सव्वीस वर्षांचे. संस्थानाच्या बांधकाम खात्याची धुरा त्यांच्यावर आली. त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यांच्या बदल्या वरचेवर होत असत. जेकब मात्र जयपूरलाच चिकटून राहिले. त्यांचे पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य याच शहराच्या सेवेत आणि त्याच्या अवतीभवती गेले.

जयपूर हे काही सामान्य शहर नव्हते. महाराजा सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये ते वसवले, तेच मुळी रेषा आखून, चौक मोजून. जयसिंग स्वतः मोठे ज्योतिर्विद होते. आकाशाच्या अभ्यासाची त्यांची तळमळ एवढी, की युरोपातील वेधांची माहिती मिळावी म्हणून त्यांनी येशूसंघीय धर्मगुरू फादर मानुएल दे फिगेरेदो यांच्याबरोबर पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवले. पुढे चंद्रनगरहूनही येशूसंघीय धर्मगुरू जयपुरास आले. म्हणजे वाचकहो, या शहराला ख्रिस्ती माणसाची ओळख त्याच्या जन्मापासूनच होती, आणि ती तलवारीच्या जोरावर झालेली नव्हती. ज्ञानाच्या आवडीने राजाने स्वतः दार उघडले होते.

जेकब आले तेव्हा महाराजा रामसिंग दुसरे गादीवर होते. हा राजाही जिज्ञासू होता. त्याला छायाचित्रणाचा छंद होता. शहरात शाळा, रुग्णालय, नळाचे पाणी आणि रस्त्यावर दिवे यावेत म्हणून तो झटत होता. स्कॉटिश मिशनचे डॉ. कॉलिन व्हॅलेंटाइन त्याच सुमारास जयपुरात आले. राजघराण्यात त्यांच्या औषधाचा गुण आल्यावर महाराजांनी त्यांना आपले वैद्य म्हणून ठेवून घेतले, आणि त्याबरोबर शुभवर्तमान सांगण्याचीही मुभा दिली. याच डॉक्टरांनी पुढे १८८१ मध्ये आग्रा येथे वैद्यकीय मिशनसेवक तयार करणारी संस्था काढली. याच महाराजांनी हुन्नर जपण्यासाठी कलाशाळा सुरू केली. तिचा उल्लेख आपल्याला पुढे पुन्हा करावा लागेल.

जेकब यांचे नाव आज महालांमुळे घेतले जाते. परंतु त्यांच्या कामाचा फार मोठा भाग पाण्याचा होता. राजस्थानात पाणी म्हणजे प्राण. पाऊस चुकला की माणसे आणि गुरे वाटेवर मरून पडत. अरवलीच्या घळींमधून पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी बांध घालून अडवावे, तलाव भरावेत, कालव्यांनी ते शेतात न्यावे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. जयपूरजवळचा रामगडचा मोठा बंधारा १८९७ च्या अखेरीस सुरू होऊन १९०३ मध्ये पुरा झाला. मधल्या काळात १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ पडला, ज्याला राजस्थानातील लोक विक्रम संवत १९५६ वरून आजही छप्पनिया म्हणून ओळखतात. याच रामगडच्या पाण्यावर पुढे १९३१ पासून जयपूर शहराची तहान भागू लागली. १९८२ च्या आशियाई खेळांतील नौकांच्या शर्यतीही याच तलावावर झाल्या. आज हा तलाव कोरडा पडला आहे. वरच्या अंगाने येणारे ओढे अडले, आणि माणसाने माणसासाठी साठवलेले पाणी माणसाच्याच हावेने आटले. दगडात बांधलेली गोष्टही कायमची नसते, हा धडा येथे आपण घ्यावा.

आता पुन्हा चर्चकडे वळू. जयपुरात राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना उपासनेसाठी जागा हवी होती. जेकब यांनी त्यासाठी ऑल सेंट्स चर्चचा आराखडा केला. त्याची घडण पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतली आहे. दगड येथला, हात येथले, पण रूप मात्र दूर देशीचे. यात नवल नाही. माणूस प्रार्थनेला बसला की त्याच्या ओठी बालपणीची भाषा येते. जेकब यांच्या मनात देवाचे घर म्हणजे काय, याचे चित्र त्यांच्या मायदेशीच्या चर्चनेच रेखले होते. डोंगरावरच्या चर्चांविषयी आपण आरंभी जे पाहिले, तेच येथेही घडले.

परंतु त्याच वेळी, त्याच शहरात, त्याच माणसाच्या हातून दुसरी एक इमारत जन्म घेत होती. १८७६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड जयपुरास आले आणि ६ फेब्रुवारी रोजी त्यांच्या हस्ते रामनिवास बागेत एका इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. हाच तो अल्बर्ट हॉल. आरंभी तिचा उपयोग कशासाठी करावा, याविषयीच निश्चिती नव्हती. नगरभवन करावे असा विचार होता. पुढे महाराजा रामसिंग १८८० मध्ये निवर्तले. जयपूरचे शल्यचिकित्सक डॉ. थॉमस हेंडली यांनी राजस्थानच्या कारागिरीचे संग्रहालय व्हावे असा आग्रह धरला, आणि १८८७ मध्ये ते संग्रहालय लोकांसाठी उघडले.

आपण या इमारतीसमोर उभे राहिलात, तर आपल्याला एकावर एक चढत गेलेले सज्जे, त्यांवर संगमरवरी छत्र्या, नाजूक जाळ्या आणि कमानींच्या रांगा दिसतील. ही सर्व भाषा आमेरच्या महालांतली, फत्तेपूर सिक्रीतली, राजपूत आणि मोगल कारागिरांनी शतकानुशतके घडवलेली. तिच्यात केवळ शोभा नाही. भिंतीच्या बाहेर डोकावणारा दगडी छज्जा उन्हाच्या भर दुपारी भिंतीवर सावली धरतो. छज्जाला खालून आधार देणारे कोरीव हस्त भार तोलतात आणि डोळ्यांनाही सुखवतात. दगडी जाळी उन्हाची तिरीप मोडते, पण वाऱ्याला अडवत नाही. आतला चौक तापलेली हवा वर सोडून देतो. हवामानाला दिलेले हे उत्तर आहे. जसे डोंगरावरच्या चर्चचे उतरते छप्पर हे पावसाला दिलेले उत्तर आहे, अगदी तसेच.

हे जेकब यांना कोणी शिकवले? ॲडिसकोम्बच्या शाळेत तर हे शिकवत नव्हते. वाचकहो, येथेच या चरित्राचे मर्म आहे. त्यांना हे जयपूरच्या मिस्त्रींनी, पाथरवटांनी, आरेखकांनी शिकवले. अल्बर्ट हॉलच्या कामात मीर तजम्मुल हुसेन हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. चंदर आणि तारा या मिस्त्रींची नावेही या इमारतीशी जोडली गेली आहेत. ज्या काळात इंग्रज अभियंत्याच्या नावाखाली शेकडो देशी हात गडप होत, त्या काळात ही नावे टिकून राहिली, ही साधी गोष्ट नव्हे. साहेबाने कागदावर रेघ ओढावी आणि मजुराने ती मुकाट्याने दगडात उतरवावी, अशी रीत सार्वजनिक बांधकाम खात्यात रुळली होती. जेकब यांनी ती रीत बदलली. पाथरवटाच्या हातात पिढ्यान् पिढ्यांचे जे ज्ञान आहे, ते आपल्या पुस्तकी ज्ञानापेक्षा कमी नाही, हे त्यांनी मान्य केले. सत्ताधारी वर्गातील माणसाला ही कबुली देणे किती अवघड असते, ते आपण जाणता.

या कबुलीतूनच त्यांच्या हयातीतील सर्वांत मोठा ग्रंथ उभा राहिला. जयपूर पोर्टफोलिओ या नावाने तो ओळखला जातो. दिल्ली, आग्रा, आमेर, फत्तेपूर सिक्री अशा ठिकाणच्या जुन्या इमारतींतील बारकावे मोजून, मोठ्या आकारात रेखून त्यांनी तो सिद्ध केला. त्याचे पहिले सहा भाग १८९० मध्ये महाराजा सवाई माधोसिंग यांच्या आश्रयाने प्रसिद्ध झाले आणि पुढे आणखी भाग निघून एकूण बारा झाले. एका भागात जोती आणि कंगोरे, दुसऱ्यात खांब आणि त्यांच्या बैठका, पुढे कोरीव दारे, हस्त, कमानी, कठडे, छत्र्या, घुमट, झरोके अशी त्याची मांडणी आहे. आराखडे रेखण्याचे काम महाराजा रामसिंगांनी काढलेल्या त्या कलाशाळेतील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी केले. विशेष म्हणजे ही पाने एकत्र शिवलेली नाहीत, सुटी आहेत. विद्वानांच्या कपाटात ग्रंथाने धूळ खात पडावे, असा जेकब यांचा हेतू नव्हता. मिस्त्रीने हवे ते पान काढावे, कामाच्या जागी न्यावे, समोर ठेवावे आणि छिन्नी चालवावी, यासाठी ही योजना होती.

या ग्रंथामागे एक चिंता होती. कारखान्यांतून निघणाऱ्या स्वस्त मालाने आणि सरकारी बांधकामांच्या एकसाची नमुन्यांनी हा हुन्नर मरू घातला होता. पाथरवटाचा मुलगा छिन्नी टाकून दुसऱ्या कामाला लागला, की शंभर पिढ्यांची विद्या एका पिढीत संपते. ती विद्या कागदावर तरी उतरावी, आणि कामाच्या रूपाने पुन्हा हातात यावी, ही जेकब यांची धडपड होती.

आता आपण त्यांच्या ख्रिस्ती संस्थांसाठी केलेल्या कामाकडे येऊ, कारण आपल्या दृष्टीने तेच अधिक बोलके आहे. केंब्रिजच्या मिशनने १८८१ मध्ये दिल्लीत सेंट स्टीफन्स कॉलेज स्थापन केले. त्याला स्वतःची इमारत हवी होती. काश्मिरी दरवाजाजवळ १८९१ मध्ये उघडलेली ही इमारत जेकब यांनी रेखली. ख्रिस्ती महाविद्यालय म्हणजे टोकदार कमानी आणि उंच मनोरा, असे समीकरण तेव्हा सर्वत्र रूढ होते. जेकब यांनी येथे मात्र छत्र्या, छज्जे आणि जाळ्या योजल्या. जयपूरच्या मिस्त्रींकडून शिकलेला धडा त्यांनी आता ख्रिस्ती कार्याच्या सेवेत आणला होता.

आणि या वास्तूत पुढे काय घडले ते पाहा. १९०६ मध्ये सुशीलकुमार रुद्र या कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. एका मोठ्या मिशन कॉलेजची सूत्रे एका भारतीय ख्रिस्ती माणसाच्या हाती यावीत, ही त्या काळी मोठीच घटना होती. त्यांचे जिवलग मित्र चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज येथेच शिकवत होते. १९१५ मध्ये महात्मा गांधी दिल्लीत आले तेव्हा ते रुद्र यांच्याच घरी उतरले, आणि पुढेही त्यांचा मुक्काम त्या घरी होत असे. ख्रिस्ती असणे आणि भारतीय असणे यांत विरोध नाही, हे ज्यांनी जगून दाखवले, अशी माणसे या छत्र्या-छज्जांच्या सावलीत वावरली. कॉलेज १९४१ मध्ये नव्या जागी गेले. जुनी इमारत मात्र काश्मिरी दरवाजाजवळ अजून उभी आहे.

आग्रा येथील सेंट जॉन्स कॉलेजचीही अशीच कथा आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेसाठी जेकब यांनी लाल दगडाची भव्य वास्तू रेखली. १९१४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. अकबराच्या राजधानीला शोभेल अशा थाटाची ती वास्तू आहे, आणि तिच्यातून एका ख्रिस्ती संस्थेने सर्व धर्मांच्या मुलांना विद्या दिली. याखेरीज बिकानेरचा लालगड राजवाडा, लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आणि मराठी वाचकांना परिचित असलेल्या होळकरांच्या इंदुरातील डेली कॉलेजची मुख्य इमारत, ही सर्व त्यांचीच कामे. कोल्हापूरचा नवा राजवाडा आपण पाहिला असेल. तो मेजर चार्ल्स मँट यांनी रेखलेला आहे. मँट अकाली गेले. त्यांनी धरलेली वाट जेकब यांनी दूरवर नेली.

वाचकहो, चरित्र लिहिताना केवळ गुणगान करणे हे सत्याला धरून होणार नाही. जेकब हे राज्यकर्त्या सत्तेचे अधिकारी होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. आपण या देशाच्या जुन्या बादशहांचे वारस आहोत, असे दाखवण्यासाठी इंग्रजी सत्तेने ही मिश्र शैली वापरून घेतली, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे, आणि ती निराधार नाही. जुन्या इमारतीतून कमान एकीकडून आणि खांब दुसरीकडून उचलून नव्या इमारतीवर बसवले, की पोशाख देशी होतो. पण देह परकाच राहतो, असेही म्हणता येते. जेकब यांच्या काही राजवाड्यांना हा दोष लागू पडतो. ज्या मिस्त्रींकडून ते शिकले, त्यांना त्यांच्याइतका मान आणि मोबदला मिळाला नाही, हेही खरे. परंतु आपल्या काळाच्या मर्यादेत राहून माणसाने कोणत्या दिशेला तोंड केले होते, हे पाहणे न्यायाचे ठरेल. बहुसंख्य अधिकारी शिकवण्यासाठी उभे होते. जेकब शिकण्यासाठी बसले.

सरकारने १८९० मध्ये आणि पुन्हा १९०२ मध्ये पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. दुसऱ्या वेळी त्यांना सर हा किताब मिळाला. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस हलवण्याचे ठरले आणि नव्या शहराची आखणी सुरू झाली. एडविन लट्येन्स यांना भारतीय दगड आणि नक्षी यांविषयी सल्ला देण्यासाठी जेकब यांची निवड झाली. परंतु वय सत्तरीच्या पलीकडे गेले होते, प्रकृती साथ देत नव्हती. ते त्या कामातून लवकरच बाजूला झाले. ४ नोव्हेंबर १९१७ रोजी, महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, इंग्लंडमध्ये त्यांनी देह ठेवला. ज्या शहराला त्यांनी तारुण्य आणि प्रौढपण दिले, ते जयपूर तेव्हा फार दूर राहिले होते.

आता आपण स्वतःकडे वळू. पवित्र शास्त्रात निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या उभारणीची हकिकत आहे. तेथे देवाने बसालेल आणि अहलियाब या दोन कारागिरांना नावाने बोलावले आणि त्यांना आपल्या आत्म्याने, बुद्धीने व कौशल्याने भरले. विचार करा, पवित्र आत्म्याने भरलेली माणसे म्हणून शास्त्रात इतक्या आरंभी ज्यांचा उल्लेख येतो, ते लाकूड, धातू आणि रत्नांवर काम करणारे कारागीर आहेत. शलमोनाच्या मंदिराच्या वेळीही सोरेच्या हीरामला, परक्या देशातल्या कुशल माणसाला, आदराने बोलावण्यात आले. देवाच्या घरात कारागिराच्या हाताला असे मानाचे स्थान आहे. चंदर आणि तारा या मिस्त्रींची नावे वाचताना मला बसालेल आणि अहलियाब आठवतात.

जेकब जो धडा चाळीस वर्षांत शिकले, तो भारतीय मंडळीनेही हळूहळू शिकला. पेशावर येथे १८८३ मध्ये समर्पित झालेले ऑल सेंट्स चर्च घुमट आणि मिनारांच्या रूपात उभे राहिले. बिशप अझरिया यांनी दोर्नाकल येथे बांधलेले आणि १९३९ मध्ये समर्पित झालेले कॅथीड्रल मंदिर, मशीद आणि चर्च या तिन्हींच्या रचना एकत्र आणते. आपल्या महाराष्ट्रात हे कार्य दगडांपेक्षा अधिक शब्दांतून आणि सुरांतून झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी प्रभूची स्तुती अभंगांतून आणि भजनांतून केली, कीर्तनाला ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. टिळकांचे अभंग म्हणजे आमच्या मातीतला छज्जा आणि आमच्या मातीतली जाळीच होय. त्यांच्या सावलीत मराठी ख्रिस्ती मन शांत झाले.

म्हणून डोंगरावरचे जुने चर्च पाहताना त्याला परके म्हणून नाक मुरडू नये. त्या भिंतींमध्ये दूर देशी आलेल्या माणसांच्या आठवणी आणि प्रार्थना आहेत, आणि त्यांचा प्रत्येक दगड आपल्याच पाथरवटाने घडवला आहे. जयपूरच्या ऑल सेंट्स चर्चचेही तेच. त्याचे रूप कोठून आले हा प्रश्न एकदा मागे पडला, की उरते ती तेथे आज हिंदी भाषेत प्रार्थना करणारी जिवंत मंडळी. पण नवे मंदिर बांधण्याची वेळ जेव्हा आपल्या गावी येईल, तेव्हा शहरातून छापील नमुना आणण्याआधी आपल्या गावच्या गवंड्याला आणि सुताराला एकदा जवळ बसवून विचारावे. ऊन कोठून येते, वारा कोठून वाहतो, पावसाचा झोत कोणत्या भिंतीला लागतो, हे त्याला ठाऊक असते. कदाचित तो आपल्या मंडळीचा सभासद नसेल. हीरामही नव्हता.

शेवटी, प्रेषित पेत्राने आपल्याला जिवंत धोंड्यांची उपमा दिली आहे, हे आपण विसरू नये. धोंडा स्वतः घडत नाही. त्याला छिन्नीखाली बसावे लागते. स्विंटन जेकब यांची थोरवी त्यांनी किती इमारती बांधल्या यात नाही. घडवणारा म्हणून आलेला माणूस स्वतः घडावयास तयार झाला, यात ती आहे. अशी नम्रता प्रभू आपल्या सर्व मंडळ्यांना आणि आपल्या प्रत्येकाच्या घराला देवो.